सभा संपल्यावरची सभा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला फोन केला तेव्हा मी विचारले, "विषय कोणता घेऊ?" त्या म्हणाल्या, "ताई, कोणताही घ्या, पण उपयोगाचे काही सांगा. मागल्या वर्षी 'स्त्री आणि संस्कृती' झाले." तेव्हा मीच म्हटले, "कमिटीच्या सभांवर बोलू का?" पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "बोला ना. पण वर्धापनदिनाला बायका येतील ना हो?" आपण आज एवढ्या संख्येने जमलात याचे श्रेय माझ्या विषयाला नसून नंतर व्हायच्या मंगळागौरीच्या खेळांना आहे हे मी पक्के जाणून आहे. तेव्हा फार वेळ घेणार नाही.

विषय कंटाळवाणा आहे हे कबूल. महिन्यातून एकदा दहाबारा जणींनी सतरंजीवर बसायचे, मागल्या सभेचे इतिवृत्त ऐकायचे, जमाखर्च ऐकायचा, माना डोलवायच्या, चहा घ्यायचा आणि घरी जाऊन कुकर लावायचा. यात बोलण्यासारखे काय आहे? मलाही पुष्कळ वर्षे असेच वाटत होते. परंतु या कंटाळ्यापायी आमच्या मंडळाचे एक चांगले चाललेले काम बंद पडले, आणि ते बंद पडले तेव्हा अध्यक्षपदावर मी होते. म्हणून आज उपदेश करायला उभी नाही. झालेली चूक सांगायला उभी आहे.

आमचे मंडळ डोंबिवलीचे. मंडळाच्या मागच्या खोलीत आम्ही पाळणाघर चालवीत होतो. नोकरीवर जाणाऱ्या आयांची मुले सकाळी आठापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत तिथे राहत. सांभाळायला दोघी बाया होत्या. दुपारचा गरम वरणभात मंडळाचा असे. चांगल्या दिवसांत २२ मुले होती. मार्च २०१८ मध्ये पाळणाघर बंद केले तेव्हा ७ राहिली होती. बंद करण्याच्या ठरावाखाली माझी सही आहे.

आता असे नाही की आम्ही लक्ष दिले नाही. शेवटच्या दीड वर्षातली इतिवृत्ताची वही मी नंतर काढून वाचली. जवळजवळ प्रत्येक सभेत पाळणाघराचा विषय आहे. "पाळणाघराचा अहवाल वाचण्यात आला व त्याची नोंद घेण्यात आली." "मुलांची संख्या कमी होत असल्याबद्दल चर्चा झाली." चर्चा काय झाली ते वहीत नाही, पण मला आठवते. कुणी म्हणाल्या, हल्ली आजीआजोबा सांभाळतात. कुणी म्हणाल्या, खाजगी पाळणाघरांचे पेव फुटले आहे. आणि मी म्हणाले (अध्यक्ष म्हणून पहिली मीच बोलत असे) की आजकालच्या आयांना वातानुकूलित खोली हवी, भिंतीवर रंगीत चित्रे हवीत, मुलांना इंग्रजी गाणी शिकवणारी कुणी हवी, ते आपल्याला कुठून परवडणार? अध्यक्षच असे म्हणतात म्हटल्यावर सगळ्यांनी तसेच धरले.

बंदचा ठराव झाला त्या संध्याकाळी खाली चपला घालताना कमिटीतल्या एक वहिनी माझ्या शेजारी होत्या. तीन वर्षे कमिटीत होत्या. कधी गैरहजर नाहीत, आणि कधी तोंड उघडल्याचेही स्मरत नाही. त्या म्हणाल्या, "ताई, वाईट वाटलं हो. साडेसहाला बंद व्हायचं ना, म्हणून मुलं गेली."

मी म्हटले, "म्हणजे?"

"साडेपाचला ऑफिस सुटतं. सीएसएमटीहून फास्ट गाडी मिळाली तरी इथे उतरायला सात होतात. त्या बाया रोज धावत सुटायच्या आणि इथे रोज बोलणी खायच्या. आमच्या जिन्यात एक काकू आठपर्यंत मुलं ठेवतात. तुमची सगळी मुलं तिकडेच आहेत."

"हे तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे, वहिनी?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष. इथे दाराशी आम्ही कितीदा बोललो."

"मग वर सभेत का नाही बोललात?"

त्यांनी वाकून सँडलचा पट्टा लावला आणि म्हणाल्या, "तुम्ही ते इंग्रजी गाण्यांचं म्हणालात ना. मला वाटलं, तुम्हाला जास्त माहिती असेल."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला जेवण गेले नाही. वर सतरंजीवर आमची एक सभा भरत होती, तिला नोटीस होती, गणपूर्ती होती, सूचक-अनुमोदक होते. आणि खाली चपलांपाशी दुसरी सभा भरत होती, तिला काहीच नव्हते, पण खरी माहिती सगळी तिच्यात होती. त्या दोन सभांमध्ये पंधरा पायऱ्यांचा जिना होता आणि दीड वर्षात ती माहिती तो जिना चढून वर आली नाही.

आपल्याकडेही असा जिना असेलच. नसल्यास आनंद आहे.

एके काळी बाईने सभेत बोलणे हाच गुन्हा होता. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या १९१० साली प्रसिद्ध झाल्या. मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात भरलेल्या सभेत इंग्रजी लिहून आणलेले वाचून दाखवले म्हणून घरातल्या बायकांनी त्यांना किती टाकून बोलले ते त्यांनी त्यात सांगितले आहे. त्याच रमाबाई १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९०९ साली त्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले. आज आपल्याला कुणी अडवीत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत आणि नगरपालिकांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. मग आपल्याच मंडळात, आपल्याच बायकांपुढे, आमच्या वहिनींना कुणी गप्प केले? सासूने नाही, नवऱ्याने नाही. मी केले, आणि मला ते कळलेही नाही.

ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट सांगताना थोडे हसू येते, पण ती पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची नाही.

आमच्या त्या वेळच्या चिटणीसबाईंना एक सवय होती. प्रत्येक विषय किती वाजता सुरू झाला व किती वाजता संपला हे त्या वहीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवीत. त्यामुळे मला आज नेमके सांगता येते. जानेवारी २०१७ च्या सभेत हळदीकुंकवाचे वाण काय द्यावे यावर आम्ही एक तास दहा मिनिटे बोललो. स्टीलची वाटी ३५ रुपयांना पडत होती, झाकणाची डबी २८ रुपयांना. बायका दीडशे. म्हणजे सगळा फरक १,०५० रुपयांचा. या एक हजार पन्नास रुपयांवर अकरा जणींपैकी अकराही जणी बोलल्या. त्या दिवशी आमच्या वहिनीसुद्धा म्हणे काहीतरी बोलल्या होत्या! त्याच सभेत, अगदी शेवटी, "पाळणाघराची तूट भरून काढण्याकरिता ६०,००० रुपयांची मुदतठेव मोडणे" असा विषय होता. ती ठेव गच्चीच्या दुरुस्तीसाठी राखलेली होती. समासात लिहिले आहे : चार मिनिटे. सर्वानुमते मंजूर.

आपण बायका म्हणून असे करतो असे कुणा पुरुषमंडळींनी म्हटले तर त्यांना माझ्यातर्फे सांगा की पार्किन्सन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १९५७ साली याच रोगावर पुस्तकात एक प्रकरण लिहिले आहे, आणि त्यातली कमिटी सगळी पुरुषांची आहे. त्या कल्पित कमिटीपुढे अणुभट्टीचा एक कोटी पौंडांचा खर्च येतो, तो अडीच मिनिटांत मंजूर होतो. मग कारकुनांच्या सायकलींसाठी छप्पर बांधायचे असते, त्यावर पाऊण तास वाद होतो. शेवटी सभेच्या कॉफीचा खर्च येतो, त्याला सव्वा तास लागतो. कारण उघड आहे. अणुभट्टी कशी असते हे कुणालाच माहीत नाही, आणि माहीत नाही असे म्हणायची लाज वाटते. कॉफी मात्र सगळ्यांना कळते.

तेच आमच्या वाटीचे. वाटीची किंमत तुळशीबागेपासून दादरपर्यंत कोणत्या दुकानात काय आहे हे आपल्याला झोपेत विचारले तरी सांगता येते. ताळेबंद समोर आला की मात्र "खजिनदारबाईंनी केले आहे म्हणजे बरोबरच असणार" असे म्हणून आपण चहाची वाट पाहतो. हा खजिनदारबाईंवरचा विश्वास आहे असे आपण मानतो. मला तर वाटते, त्यांना एकटे टाकण्याची ती एक सभ्य रीत आहे.

इथे कायद्याचे दोन शब्द सांगणे जरूर आहे, कारण पुष्कळ भगिनींना याची कल्पना नसते. आपल्यासारखी बहुतेक मंडळे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असतात. या दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने कार्यकारी मंडळावर बसलेली प्रत्येक बाई ही विश्वस्त आहे. नुसती अध्यक्ष किंवा खजिनदार नव्हे, तर कोपऱ्यात बसून लोकर विणणारीसुद्धा. दर वर्षी हिशेब तपासून घेतलाच पाहिजे. निवडणूक होऊन कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत त्या बदलाचा अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत गेलाच पाहिजे. अशा वेळी "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर चालत नाही. आणि एखादा ठराव पटला नसेल तर आपला विरोध नावानिशी वहीत लिहायला सांगावा. त्यात भांडण नाही. "सर्वानुमते" हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे.

असो. पाळणाघर बंद झाल्यावर काही महिने मी सभेला जायचेच टाळत होते. अध्यक्षपद सोडावे असेही मनात आले. त्या सुमारास आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी एक दिवस म्हणाल्या, "उद्या लवकर जाते, गटाची मीटिंग आहे. चुकली तर पाच रुपये दंड." मला नवल वाटले. आमच्या सभेला बायका याव्यात म्हणून आम्ही बटाटेवडे ठेवतो, आणि इथे दंड भरून बायका येतात! मी विचारले, "मी आले तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "या की, पण मध्ये बोलायचं नाही."

मी गेले आणि बोलले नाही. बारा बायका होत्या. खुर्च्या नव्हत्या, टेबल नव्हते, सगळ्या गोल बसल्या होत्या. बचत गटाची रीत आपल्यातील काहींना माहीत असेल. नेमाने बैठक, नेमाने बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड आणि नोंदवही चोख, ही त्यांची पाच सूत्रे. पण कागदावर वाचणे निराळे आणि पाहणे निराळे. पेटी सगळ्यांच्या देखत उघडली. पैसे मोठ्याने मोजले, एकीने मोजले आणि दुसरीने पुन्हा मोजले. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपली शिल्लक किती ते ऐकू गेले. मग एका बाईने पाच हजार कर्ज मागितले. कशाला? मुलाच्या फीला. लगेच एक म्हातारी म्हणाली, "मागचं दोन हप्ते राहिलंय ना तुझं?" ती बाई रागावली नाही. नवरा दवाखान्यात होता, कुठल्या महिन्यापासून कसे फेडीन, हे तिने सांगितले. प्रत्येकीला विचारले. प्रत्येकीने हो किंवा नाही म्हटले, आणि नाही म्हणणारीने का ते सांगितले. तीन हजार मंजूर झाले. सगळी सभा पन्नास मिनिटांत आटोपली, कारण आठ जणींना पुढच्या घरी भांडी घासायला जायचे होते.

परत येताना मावशींनी विचारले, "कंटाळला असाल ना?" मी काय उत्तर देणार? आमच्या कमिटीत दोघी पदवीधर, एक वकील आणि तिघी निवृत्त मुख्याध्यापिका.

तिथे बायका एवढ्या मन लावून का बसतात याचा मी पुष्कळ विचार केला. एक तर पैसा त्यांचा स्वतःचा आहे आणि समोर दिसतो आहे. दुसरे, तिथे नुसता अहवाल कुणी वाचत नाही. जे काय आहे ते ठरवायचे आहे, आणि प्रत्येकीला आपला शब्द द्यावा लागतो. पैशाची पेटी मंडळात आणता येणार नाही. पण दुसरी गोष्ट आणता येईल असे वाटले, आणि जून २०१८ पासून आम्ही काही बदल केले. ते सगळेच साधले असे नाही.

पहिला बदल विषयपत्रिकेत. पूर्वी तिच्यावर नुसती नावे असत : "पाळणाघर", "शिवणवर्ग", "वर्धापनदिन". नुसते नाव वाचून कुणाला काय सुचणार? आता आम्ही प्रश्न लिहितो. "शिवणवर्गाची वेळ दुपारी तीनऐवजी दीड करावी काय? केल्यास शिक्षिकाबाईंच्या जेवणाचे काय?" प्रश्न लिहिता येत नसेल तर तो विषय सभेत आणायचा नाही, तो अहवाल आहे असे समजायचे. आणि अहवाल सभेत वाचायचे नाहीत. इतिवृत्त, जमाखर्च, सगळ्या वर्गांचे अहवाल चार दिवस आधी फोनवर पाठवायचे. ज्या दोन आजींना फोनवर वाचता येत नाही त्यांच्या घरी मोठ्या अक्षरांत छापून पोचवायचे. पूर्वी सभेचा पहिला पाऊण तास वाचनातच जात असे. कीर्तनाला बसल्यासारख्या बायका बसत. तो पाऊण तास वाचला. आरंभी बऱ्याच जणी न वाचताच येत. मग खजिनदारबाईंनी एक युक्ती केली. जमाखर्च पाठवताना त्या खाली एक प्रश्न लिहू लागल्या : "विजेचे बिल या महिन्यात दुप्पट का आले असेल?" आता बायका उत्तर घेऊनच येतात. बिलाचे कारण सापडले ते असे, की गच्चीवरच्या टाकीचा पंप रात्रभर चालू राहत होता.

खजिनदारबाईंना आणखी एक विनंती केली. ताळेबंद हिशेबतपासनिसांसाठी असू दे, आम्हाला मात्र घरखर्चाच्या वहीसारखे सांगा : किती आले, किती गेले, किती उरले, आणि गेल्या वर्षी याच महिन्यात किती होते. या चार आकड्यांत आमच्या सगळ्या जणींना बोलता येऊ लागले. ते मुदतठेवीचे साठ हजार अशा रीतीने समोर आले असते तर चार मिनिटांत गेले नसते.

दुसरे म्हणजे क्रम बदलला. जड विषय पहिल्यांदा, वाण शेवटी. वाणाला पंधरा मिनिटे, घड्याळ लावून. यावर फार कुरकुर झाली! चहाही शेवटी न ठेवता आरंभी ठेवला. म्हणजे वेळेवर येणारीला गरम मिळतो आणि उशिरा येणारीला गार. दंड लावण्यापेक्षा हे बरे लागू पडले.

तिसरे माझ्या तोंडाविषयी. अध्यक्षांनी शेवटी बोलायचे असे ठरवले, आणि ते ठरवणे सोपे होते, पाळणे फार कठीण गेले. यासंबंधी एक जुनी हकीकत आहे. हेन्री रॉबर्ट नावाचे अमेरिकेच्या सैन्यातले एक इंजिनियर होते. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावी चर्चमधल्या एका सभेचे अध्यक्षस्थान अचानक त्यांच्या गळ्यात पडले. सभा कशी चालवतात हे ठाऊक नाही, त्यामुळे सगळा गोंधळ झाला. ते इतके खजील झाले की त्यांनी अभ्यासच आरंभला, आणि १८७६ साली सभेच्या नियमांचे एक पुस्तक छापले. ते पुढे अमेरिकाभर चालले. त्यातला एक नियम मला फार आवडतो. एका विषयावर एकदा बोललेल्या सभासदाने, ज्यांना बोलायचे आहे पण ज्या अजून बोलल्या नाहीत, अशा सगळ्यांचे होईपर्यंत पुन्हा बोलू नये. आमच्याकडे आम्ही तो असा पाळतो की महत्त्वाच्या विषयावर क्रमाने सगळ्यांना विचारायचे, सुरुवात सर्वांत नव्या सभासदापासून. "मला काही सांगायचे नाही" असेही म्हणता येते, पण ते तोंडाने म्हणावे लागते. दोनतीन वेळा तसे म्हटले की चौथ्या वेळी माणूस काहीतरी बोलतेच.

वहिनी ऑगस्टमध्ये बोलल्या. शिवणवर्ग तीन ते पाच असे, आणि निम्मी यंत्रे रिकामी असत. त्यांनी सांगितले, ज्यांना शिवण शिकायची खरी गरज आहे त्या घरकामाच्या बायका त्या वेळी संध्याकाळच्या कामावर असतात, त्यांना दीड ते तीन मोकळे असते. वेळ बदलली आणि दिवाळीपर्यंत यंत्रे पुरेनात. लगेच आम्ही त्यांचे दुसरे म्हणणे ऐकून रविवारचा वर्गही काढला, त्याला तिघी आल्या आणि दोन महिन्यांनी तो बंद केला. तेव्हा गप्प बसणाऱ्या बाईचे सगळेच बरोबर असते असा माझा दावा नाही. पण ती बोलली तर निदान चुकले काय ते कळते.

चौथा बदल आमच्या जिन्यावरून सुचला. विषयपत्रिकेच्या शेवटी "ऐन वेळचे विषय" असे असते, आणि तिथे सहसा कुणी काही आणत नाही, कारण सगळ्या उठायच्या घाईत असतात. आम्ही ते काढून त्या जागी "दाराशी" असा विषय घातला. दहा मिनिटे. त्यात मी एवढेच विचारते : "आता खाली चपला घालताना तुम्ही एकमेकींना काय सांगणार आहात? ते इथेच सांगा." पहिल्या खेपेला सगळ्या हसल्या. दुसऱ्या खेपेला एक जण म्हणाली, "सभा फार लांबते, माझ्या सूनबाईला उशीर होतो." तेव्हापासून सभा दीड तासाची, पावणेसहाला सुरू, सव्वासातला बंद, विषय उरला तर उरला.

आणि वहीत शेवटी एक तक्ता : काम, कोण करणार, केव्हापर्यंत. पुढल्या सभेची सुरुवात त्या तक्त्यापासून. "चर्चा झाली" हे शब्द आमच्या वहीतून बाद केले आहेत.

२०२० साली टाळेबंदीत सभा फोनच्या पडद्यावर घ्याव्या लागल्या. त्यात एक गंमत दिसली. एका वेळी एकीलाच बोलता येते, म्हणून नावाने हाक मारल्याशिवाय चालत नाही, आणि ही क्रमाची सवय आमच्या अंगवळणी आधीच पडलेली होती. पण पडदा बंद झाला की लगेच दोघीदोघींचे फोन सुरू होत. म्हणजे जिना तिथेही होताच.

आता जे जमले नाही ते सांगून मी बसते.

या "दाराशी" विषयात एकदा मसालाविक्रीच्या पैशांचा प्रश्न निघाला. हे काम आमच्या एक ज्येष्ठ भगिनी वीस वर्षे करीत होत्या. रक्कम घरी कपाटात ठेवायच्या, आणि आठ महिने पावतीपुस्तकात नोंद नव्हती. त्यात लबाडी नव्हती. नंतर मोजले तर रुपयाचाही फरक निघाला नाही. पण एका तरुण सभासदाने सगळ्यांपुढे विचारले आणि मी, आता सगळे मोकळेपणाने बोलायचे या आनंदात, तिला थांबवले नाही. त्या भगिनींनी पावत्यांची पुस्तके, वजनकाटा आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या दिवशी चिटणीसबाईंकडे पोचवली आणि राजीनामा दिला. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, नातवाचे फोटो दाखवले, मंडळाचे नाव काढू दिले नाही. एखाद्या व्यक्तीविषयीचा प्रश्न असेल तर तो आधी तिच्या घरी जाऊन एकटीने विचारावा, मग सभेत आणावा, एवढे मला त्या वेळी समजायला हवे होते. आता आम्ही तसे करतो. पण त्या अजून हळदीकुंकवालासुद्धा येत नाहीत.

पाळणाघरही पुन्हा सुरू झाले नाही. एकदा विश्वास गेला की आया मुले घालीत नाहीत, आणि त्या जिन्यातल्या काकूंकडे आज सोळा मुले आहेत. त्यांचे चांगले चालले आहे. मागच्या खोलीत आता शिवणाची यंत्रे आहेत. भिंतीवर खाली, मुलांच्या उंचीला, खडूच्या रेघा अजून दिसतात. रंग काढताना तेवढा पट्टा ठेवायचा असे सभेत ठरले. सर्वानुमते नव्हे, एकीने विरोध केला आणि तो वहीत लिहिला आहे.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत, आणि फुगडीवाल्या मुली मागे पदर खोचून तयार आहेत. माझे बोलणे झाले. कुणाला काही विचारायचे असेल, माझे काही पटले नसेल, तर मी अजून इथेच आहे. मात्र आत्ताच विचारा. खाली चपलांपाशी मी उत्तर देणार नाही.